सहा महिन्यांच्या गोळ्या

त्र्याण्णव साली लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मंजुश्री निटूरे एकोणतीस वर्षांची होती. नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात ती शिकवायला लागून जेमतेम चौदा महिने झाले होते. त्याच दुपारी महाविद्यालयानं दोन जीप भरून डॉक्टर लातूरला पाठवले. मंजुश्रीच्या शेजारी तिचा वर्गमित्र यज्ञेश कंधारकर बसला होता. अहमदपूर मागं पडलं तशी भाकरीची गाठोडी घेऊन निघालेले टेम्पो दिसायला लागले.

लातूरच्या दवाखान्यात व्हरांड्यापर्यंत माणसं होती. सगळे डॉक्टर हाडांच्या मागं होते, मोडलेलं हाड दिसतं तरी. तिसऱ्या दिवशी मंजुश्रीला भिंतीच्या कडेला सतरंजीवर एक सहा वर्षांची मुलगी दिसली. नाव शिवगंगा. भिंतीखाली नऊ तास दबली होती, पण एकही हाड मोडलेलं नव्हतं, म्हणून तिच्या चिठ्ठीवर कुणीतरी ‘किरकोळ’ असं लिहिलं होतं. तिचं तोंड सुजलं होतं.

“डॉक्टरबाई,” ती म्हणाली, “मला मुतायलाच येईना.”

नळी घातल्यावर चमचाभर लघवी आली, कोऱ्या चहाच्या रंगाची. चिरडलेल्या मांसातलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं, हे मंजुश्रीनं पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात त्याला चार ओळी होत्या. पहिल्या काही तासांत सलाइन सुरू झालं असतं तर बहुतेक हे टळलं असतं. आता तिनं मुलीच्या पोटात नळी घालून, पाणी सोडून आणि काढून, रक्त धुवायचा प्रयत्न केला. दोन दिवस ती तिथून उठली नाही. शिवगंगा मधूनच डोळे उघडून छताकडं बघायची. पाचव्या दिवशी दुपारी तिचं हृदय थांबलं.

घरचं कुणी उरलेलं नव्हतं. निलंग्याकडचा मामा संध्याकाळी आला. त्यानं पोरीच्या पायावरची चादर बाजूला केली, पाय नीट पाहिले आणि म्हणाला, “भिंत पायावर पडली म्हंता. पाय तर धड दिसायलाय. मग किडनी कशानं गेली?”

मंजुश्रीनं समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं नाही हे तिला दिसलं. तिला स्वतःलाही ते पटत नव्हतं. परतीच्या वाटेवर ती यज्ञेशला म्हणाली, “आपल्याकडं लेकरांच्या किडनीचं बघणारं कुणीच नाही रे.”

“हैदराबादला आहेत की,” यज्ञेश म्हणाला.

नांदेडला आल्यावर तिनं विभागप्रमुखांकडून गुरुवारची एक खोली मागून घेतली. दारावर पाटी लावली: मुलांचे मूत्रपिंडविकार. पहिल्या गुरुवारी दोन मुलं आली. वर्षभरात सत्तर झाली. तिला वाटलं होतं की अवघड, दुर्मिळ आजार येतील. आले ते बहुतेक एकाच तऱ्हेचे. तीन-चार वर्षांचं लेकरू, सकाळी उठतं तेव्हा डोळे सुजून बंद, मग पोट, मग पाय. लघवीतून प्रथिनं वाहून चाललेली. गावात कुणी बाहेरची बाधा म्हणत, कुणी मीठ बंद करून बसवत. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या की आठ-दहा दिवसांत सूज ओसरायची. आई हात जोडायची. आणि दोन-तीन महिन्यांनी सर्दी-पडसं झालं की तेच लेकरू पुन्हा तसंच सुजून यायचं.

त्याच सुमारास उदगीरहून तिच्या वडलांनी पुण्याचं एक स्थळ आणलं. मुलगा इंजिनिअर, घरचे चांगले. मंजुश्रीनं एक वर्ष थांबायला सांगितलं. वर्षानं तिनं आणखी एक वर्ष मागितलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही. वडील धान्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगत, “आमची मंजू नांदेडला संशोधन करती.” कसलं, असं कुणी विचारलं तर मात्र ते विषय बदलत.

तिच्या जोडीला सिंधु सिस्टर होती, चाळिशीची, आवाजानं कडक. दोघींनी मिळून आयांना लघवी तपासायला शिकवलं. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग चुलीवर किंवा स्टोव्हवर तापवायचा. पाणी स्वच्छ राहिलं तर बरं, फाटल्या दुधासारखं झालं तर गोळ्या सुरू करायची वेळ आली. लिहिता न येणाऱ्या आया वहीत गोल आणि फुल्या काढायच्या. त्या वह्या जमत गेल्या. माहूरपासून देगलूरपर्यंतच्या गावांची नावं त्यांच्यावर होती.

वह्या वाचता वाचता मंजुश्रीच्या मनानं एक गोष्ट घेतली. पहिल्याच खेपेला गोळ्या तीन महिन्यांऐवजी सहा महिने दिल्या, हळूहळू कमी करत नेल्या, तर आजार उलटायचा कमी होईल. बाहेरच्या देशांतल्या एक-दोन लहान अभ्यासांतही तसंच निघालं होतं. तिनं तसं द्यायला सुरुवात केली. मुलं बरी दिसत होती. ती परिषदांत बोलायला लागली, आणि मराठवाड्यातले डॉक्टर ‘निटूरेबाईंचे सहा महिने’ असं म्हणायला लागले. तिला ते आवडायचं. तिच्या आयुष्यात तिच्या नावानं ओळखली जाणारी ती एकच गोष्ट होती.

रुद्रेश दोन हजार एक साली आला. अहमदपूरचा, चार वर्षांचा. त्याची आई तुळजाबाई त्याला कडेवर घेऊन एसटीनं यायची आणि वही अशी लिहायची की सिंधु सिस्टर ती नव्या आयांना दाखवायची. रुद्रेशला सहा महिने गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी आजार उलटला. पुन्हा लांबलचक मात्रा, पुन्हा तेच. पहिलीत गेला तेव्हा त्याचे गाल फुगलेले होते आणि शाळेतली पोरं त्याला ‘बटाटा’ म्हणायची. त्याच्या उंचीची रेघ तक्त्यावर दोन वर्षं जागची हलली नाही. मंजुश्रीनं दुसरी औषधं जोडली. तक्त्याकडं ती बघायची आणि पान उलटायची.

दोन हजार तीन साली तिनं ठरवलं की आपलं म्हणणं रीतसर सिद्ध करायचं. एकशे ऐंशी मुलं घेतली. तीन महिन्यांपर्यंत सगळ्यांना सारखंच औषध. पुढचे तीन महिने निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती यादी औषधशास्त्राच्या सरांच्या कपाटात कुलपात होती. मुलं जमायला सात वर्षं लागली, शेवटच्यावर लक्ष ठेवण्यात आणखी दोन. मधल्या काळात वडील गेले, मग आई गेली. उदगीरचं दुकान चुलतभावानं घेतलं. सिंधु सिस्टर निवृत्त होऊन लेकाकडं औरंगाबादला गेली. जाताना म्हणाली, “मॅडम, डबा तेवढा येळेवर खात जा.” नवी सिस्टर दर सहा महिन्यांनी बदलायची.

दोन हजार बाराच्या मार्च महिन्यात सरांनी यादी दिली. मंजुश्रीनं दुपारी खोलीचं दार लावून आकडे मांडले. सहा महिने गोळ्या घेतलेल्या मुलांत वर्षभरात आजार उलटला, तो शंभरात बावन्न जणांचा. तीन महिने घेतलेल्यांत शंभरात चोपन्न. म्हणजे काहीच फरक नाही. तिनं पुन्हा मांडले. मग उंचीचे आकडे काढले. सहा महिनेवाली मुलं खुजी होती. फार नाही, पण होती.

तिनं पंखा बंद केला, कारण कागद उडत होते. बाहेर कुणीतरी दोनदा दार वाजवून गेलं. सांगावं असं कुणाचंही नाव तिच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती यज्ञेशकडं गेली. त्यानं केव्हाच सरकारी नोकरी सोडून डॉक्टर लेनमध्ये स्वतःचा दवाखाना टाकला होता. त्यानं कागद वाचले, चष्मा काढला.

“आणखी शंभर मुलं घे,” तो म्हणाला. “आकडा फिरेल कदाचित.”

“नाही फिरणार.”

“मग राहू दे कपाटात. मंजू, तुझं नाव आहे या सहा महिन्यांवर. वीस वर्षं काढलीस. कुणी विचारलंय का तुला?”

“कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर मीच सांगायला हवं.”

लेख पुढच्या वर्षी छापून आला. दिल्लीहून दोन पत्रं आली, लंडनहून एक. नांदेडात कुणी काही बोललं नाही. परिषदेत जेवणाच्या रांगेत एक तरुण डॉक्टर हसत म्हणाला, “मॅडम, आम्ही तर अजून तुमचेच सहा महिने देतो.” ती ताट तसंच ठेवून बाहेर आली.

अभ्यासात नसलेली, पण त्याआधी तिच्या पद्धतीनं गोळ्या घेतलेली दोनशे चौदा मुलं होती. तिनं त्यांच्या घरी फोन करायला सुरुवात केली, दर रविवारी सकाळी. निम्मे नंबर बंद होते. जे लागत त्यांना ती सांगायची, “मी तुमच्या लेकराला गरजेपेक्षा जास्त दिवस गोळ्या दिल्या. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता कळलंय.” पलीकडून उत्तर जवळपास ठरलेलं यायचं. “असं काय बोलायलाव मॅडम, तुम्ही हाव म्हणून लेकरू हाय.” कंधारच्या एका बापानं तर तिलाच धीर दिला. ती फोन ठेवायची आणि तिला आधीपेक्षा जास्त एकटं वाटायचं. तिची चूक तिच्याकडून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

तुळजाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “रुद्रेशला सांगू नका मॅडम. लातूरला क्लासला टाकलाय त्याला. बारावीचं वर्स हाय.”

“बघते,” मंजुश्री म्हणाली.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती लातूरला मुलं तपासायला जायची. तिथं एका ओळखीच्या डॉक्टरनं तिला खोली दिली होती. बसस्थानकापासून खोलीपर्यंत चालताना ती आता भूकंपाच्या वेळचं ओळखीचं काही शोधत नसे. जिथं तिथं क्लासचे फलक होते. पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो, खाली गुण. रस्त्यात सायकली, झेरॉक्सची दुकानं, मेसचे डबे, आणि पाठीवर दप्तर घेतलेली, कुणाकडं न बघता झपाझप चालणारी शेकडो मुलं.

डिसेंबरच्या शनिवारी रुद्रेश आला. एकटाच. वय सतरा, पण उंची सातवी-आठवीतल्या पोराएवढी. पापण्या सुजलेल्या, पायात चप्पल मावत नव्हती.

“किती दिवस झाले?” तिनं विचारलं.

“तीन आठवडे.”

“वही?”

“वही लिहायची सोडली.” त्यानं खुर्ची ओढली, बसला नाही. “गोळ्या घेतल्या की तोंड फुगतंय. क्लासमधी पोरं विचारतेत, कोणाचा भाऊ हाइस, कोणाला सोडायला आलास. मला एक सांगा मॅडम. आईला कुणाशी तरी फोनवर बोलताना ऐकलं मी. माझी उंची ह्या गोळ्यांनी खुंटली का?”

मंजुश्रीला तुळजाबाईचा आवाज आठवला. पण मुलगा समोर उभा होता.

“गोळ्यांनी खुंटली,” ती म्हणाली. “काही गोळ्या लागणारच होत्या. त्या नसत्या तर तू जगला नसतास. पण मी दर वेळी जास्त दिवस दिल्या. मला वाटायचं त्यानं फायदा होतो. होत नव्हता.”

“त्यातली किती उंची आजारानं गेली अन् किती तुमच्यामुळं?”

“सांगता येत नाही.”

“म्हंजे तुम्हाला म्हाईतच न्हाई.”

“नाही.”

तिनं गोळ्यांची चिठ्ठी लिहून पुढं सरकवली. तो ती टेबलावर तशीच सोडून निघून गेला.

तिची चारची बस होती. ती बसस्थानकापर्यंत गेली आणि परत फिरली. लॉजवर राहिली. रविवारी सकाळी पत्ता विचारत विचारत ती रुद्रेशच्या मेसवर पोचली. मेस चालवणाऱ्या उमाबाईनं तिला वरच्या खोलीत नेलं. चार खाटा, चार टेबलं, भिंतीभर सूत्रं चिकटवलेली. बाकीचे तिघं परीक्षेला गेले होते. रुद्रेश पडून होता, पोट तट्ट.

“आईनं पाठवलं?” त्यानं विचारलं.

“आईला मी अजून सांगितलेलं नाही. पण आज सांगणार आहे.” ती शेजारच्या खाटेवर बसली. “हे बघ, असंच ठेवलं तर पोटातल्या पाण्यात पू होईल, नाहीतर पायाच्या शिरेत रक्त गोठेल. मी दोन मुलं तशी जाताना पाहिलीत. माझ्यावर राग धर, पण तो राग तुझ्या शरीरावर काढू नको.”

तो भिंतीकडं तोंड करून बोलला. “तुम्हाला काय हो. तुम्ही लेख लिहून मोकळ्या झालाव.”

“मोकळी नाही झाले,” ती म्हणाली.

खाली उमाबाई कुणालातरी पोळ्या मोजून देत होती, तो आवाज वर येत होता. रुद्रेश उठून बसला.

“कमीत कमी किती दिवस?”

“लघवी तीन दिवस सलग स्वच्छ येईपर्यंत रोज. मग दिवसाआड चार आठवडे. मग बंद.”

“सहा महिने न्हाई?”

“नाही.”

“तसं लिहून द्या. शेवटच्या दिवसाची तारीख टाकून.”

नेमकी तारीख लघवी स्वच्छ झाल्यावरच ठरणार होती. तिनं तसं सांगितलं, आणि मग जास्तीत जास्त कुठवर लांबेल ती तारीख लिहून खाली सही केली. इतक्या वर्षांत कुठल्या रुग्णानं तिच्याकडून असं काही लिहून घेतलं नव्हतं. रुद्रेशनं कागद दोनदा वाचला आणि गोळी घ्यायला पाण्याचा तांब्या ओढला.

नवव्या दिवशी सूज ओसरली. मेडिकलची परीक्षा त्यानं दिली, पण गुण पुरले नाहीत. तुळजाबाई वर्षभर मंजुश्रीशी बोलली नाही. रुद्रेश नांदेडला बी.एस्सी.ला आला, संख्याशास्त्र घेऊन. अधूनमधून गुरुवारी यायचा, तपासून घ्यायचा, जास्त बोलायचा नाही. एकोणिसाव्या वर्षानंतर आजार पुन्हा उलटला नाही. पण उंची वाढायचं वय तोवर संपलं होतं.

शेवटच्या वर्षाला असताना तो एके दिवशी तिचा लेख घेऊन आला. झेरॉक्सवर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“एकशे ऐंशी लेकरं घेतलाव. शेवटी हिशेबात एकशे एकोणसत्तरच. अकरा कुठं गेली?”

“यायची बंद झाली. आम्ही पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. लेखात तसं लिहिलंय.”

“लिहिलंय. पण गेली कुठं?”

तिनं त्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. तो कागद घडी करत म्हणाला, “मला तुम्ही खरं सांगितलं, ते बरं केलाव. राग गेला न्हाई माझा, तो बी सांगून ठेवतो.”

“असू दे,” ती म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी तिनं कितीतरी वर्षांनी पोटभर जेवण केलं.

निवृत्त झाल्यावर तिला यज्ञेशनं त्याच्या दवाखान्यात बोलावलं, ती गेली नाही. विभागानं गुरुवारची खोली दुसऱ्या कामाला घेतली. नव्या उपचारसूचनांत तीन महिन्यांचीच शिफारस आली होती. आधारासाठी दिलेल्या पाच-सहा अभ्यासांत तिचाही एक होता, तळटीपेत. ती तळटीप तिनं एकदा वाचली आणि पुस्तक मिटलं. मग अकरा नावांची यादी घेऊन ती एसटीनं फिरायला लागली. कुठं शाळेच्या रजिस्टरातून, कुठं आशाताईकडून, कुठं नुसतं पारावर विचारून माग लागायचा. मुखेडचा एक मुलगा सुजूनच गेला होता, त्याच वर्षी. त्याच्या बापानं तिला ओसरीवर बसवलं आणि पोराची जुनी वही आणून दिली. देगलूरची एक मुलगी लग्न होऊन तेलंगणात गेली होती. दोन वर्षांत तिला सात जणांचा पत्ता लागला.

आठवी माहूरला सापडली. रेणुकामातेच्या पायऱ्यांखाली तांबूल कुटायचं दुकान होतं. दुकानात पंचविशीची, उंचपुरी बाई हात चालवत बसली होती. नाव मुग्धा. मंजुश्रीनं आपलं नाव सांगितलं. मुग्धाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“तू तीन वर्षांची होतीस. अंगावर सूज आली होती. नांदेडला माझ्याकडं गोळ्या चालू होत्या.”

“असंल बाई. माय असती तर सांगितलं असतं. मला काही याद नाही.”

“नंतर कधी सूज आली? सकाळी डोळे सुजले?”

“नाही. कधीच नाही.” मुग्धा हसली. “तुम्ही इतक्या लांबून हेच विचारायला आल्या?”

“हो. तुझ्यासारख्या अजून दहा जणांना शोधतेय.”

“अन् हे विचारत तुम्ही गावोगाव फिरून राहिल्या?”

मंजुश्रीनं मान हलवली. तिनं मुग्धाला भिंतीला टेकून उभं केलं आणि पर्समधल्या टेपनं उंची मोजली. एकशे एकसष्ट सेंटिमीटर. मुग्धा कुठल्या गटात होती, ते तिला आता पाठ झालं होतं. तीन महिने. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे तिनं आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. तरी ती टेप हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

तेवढ्यात पायऱ्या उतरून माणसांचा एक घोळका आला. मुग्धानं तिच्या हातावर पानात बांधलेला तांबूल ठेवला, “देवीचा आहे, घ्या” म्हणाली आणि गिऱ्हाइकांकडं वळली. मंजुश्री बाजूला सरकली. रस्त्यापलीकडं एक बाक होता. त्यावर बसून तिनं मुग्धाच्या नावापुढं तारीख आणि उंची लिहिली. मग उरलेल्या तिघांपैकी पहिल्याचं गाव बघितलं. तिकडं जाणारी बस दीडला होती.